दोडक्याचं हक्कसोडपत्र

माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीतला पहिला खरा शोधनिबंध एका झेरॉक्सवाल्या चाचांनी अडवला. अडवला ते बरोबरच केलं, हे आज कबूल करते. त्या दिवशी मात्र मी त्यांच्या दुकानात उभी राहून त्यांना इतकं बोलले, की बाहेर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली माणसं आपला दाखला विसरून आत डोकावायला लागली.

खरा म्हणायचं कारण सांगते. मी मंगरूळपीरला एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्याआधी माझे नऊ निबंध छापून आले होते, सगळे चर्चासत्रांच्या स्मरणिकांत. त्या स्मरणिका चर्चासत्र भरवणाऱ्यांनीसुद्धा वाचल्या नसतील. आणि नऊपैकी एकावरही माझं एकटीचं नाव नाही. आमच्याकडे लेखकांची यादी लग्नपत्रिकेसारखी करतात. कोणाचं नाव राहिलं तर तो माणूस जन्मभर मनात धरतो, म्हणून कोणाचंच राहू द्यायचं नाही. आधी प्राचार्य, मग विभागप्रमुख, मग ज्यांनी मागच्या वेळी त्यांच्या निबंधात आपल्याला घेतलं होतं ते, आणि सगळ्यात शेवटी जिनं काम केलं ती. आमचे विभागप्रमुख, त्यांना मी इथं नुसतं सर म्हणते, माझ्या नऊच्या नऊ निबंधांत आहेत. त्यांनी काय केलं विचाराल तर प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते. कपाटात तराजू असतो. तराजू हवा असेल तर किल्ली मागायची, आणि किल्ली मागितली की नाव आलंच.

दहावा निबंध दोडक्यावरचा. त्याला ना कपाट लागलं ना किल्ली, कारण तो बाजारात सुरू झाला.

आठवडी बाजारात एक भाजीवाल्या मावशी बसतात. गावाबाहेर त्यांचा स्वतःचा मळा आहे, पिकवतात त्या आणि विकतातही त्याच. वय साठीच्या आतबाहेर, अंगानं काटक, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना नजर कायम गिऱ्हाइकाच्या बोटांवर. मी सवयीनं दोडक्याला नख लावून पाहिलं. त्यांनी दोडका माझ्या हातातून काढूनच घेतला.

"नख नका लावू मॅडम. नवव्या दिवसाचा हाय, तरीबी कोवळा हाय."

माझं डोकं सटकलं. एक तर गिऱ्हाइकाच्या हातातला माल ओढायचा, वर दोडक्याची जन्मतारीख सांगायची. एम.एस्सी. मी झाले, आणि ही बाई मला दिवस मोजून दाखवते! मी म्हटलं, मावशी, सातव्या दिवसानंतर दोडक्याच्या शिरा टणक होतात, नवव्या दिवशी आत नुसता चोथा असतो. त्यांनी दोडका मोडून माझ्यासमोर धरला. आत लोण्यासारखा. मग म्हणाल्या, मळ्यावर या, दाखवते. वाद घालायला म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेले, आणि पुढचे दोन उन्हाळे रोज संध्याकाळी जात राहिले.

दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. इतर वेलांची फुलं सकाळी उमलून मोकळी होतात, हे महाराज ऊन उतरल्याशिवाय डोळे उघडत नाहीत. मावशी त्या वेळेला मांडवात शिरायच्या, नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला हलकेच टेकवायच्या आणि त्या फुलाच्या देठाला एक चिंधी बांधायच्या. दर वाराला एका रंगाची जुनी साडी ठरलेली, त्या वारी तिची चिंधी. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा. शनिवारी काळा असावा अशी त्यांची इच्छा होती, पण काळी साडी कोणी देईना, म्हणून शनिवार हिरवा. रविवार केशरी. आज रविवार असेल आणि वेलावर केशरी चिंधीचा दोडका दिसला, तर तो बरोबर सात दिवसांचा, तोडा. कुठं लिहायला नको, कोणाला विचारायला नको. आणि दर वेलावर एखादा दोडका त्या मुद्दाम दोन दिवस जास्त ठेवायच्या. नवव्या दिवशी जो मोडून कोवळा निघेल त्याच्या वेलावर खूण करायच्या, आणि पुढच्या वर्षीचं बी फक्त त्या वेलाचं. असं त्या चौदा वर्षं करत आल्या होत्या. याला आमच्या विषयात निवड पद्धत म्हणतात, त्यावर मी पोरांना टिपणं लिहून देते, आणि मी स्वतः ती जन्मात एकदाही केलेली नव्हती.

पहिल्याच उन्हाळ्यात एक अडचण आली. गुरुवारचा पिवळा रंग उन्हानं उडाला आणि सोमवारच्या पांढऱ्यासारखा दिसायला लागला. नोंदी चुकायला लागल्या. मावशी म्हणाल्या, मॅडम, घरात काही जुनंपानं असंन तं आना. माझ्याकडे एक जांभळी साडी होती, दादानं दिलेली. दादा म्हणजे माझा मालेगावचा भाऊ. मी ती नेऊन दिली. मावशींनी घडी उलगडली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, ही तं कोरी हाय. मी म्हटलं, रंग आवडत नाही मला. त्यांनी काठाला दात लावला आणि टर्रकन फाडली. असा माझा गुरुवार झाला.

दोन उन्हाळे मी वही घेऊन बसले. फूल किती वाजता उमललं, किती दोडके धरले, कोणत्या वेलाचा कोणत्या दिवशी निबर झाला. घरी गेल्यावर ते सगळं मांडून, तक्ते करून, इंग्रजीत लिहून काढलं. लिहून झाल्यावर तो निबंध मावशींना मळ्यात बसून मराठीत वाचून दाखवला. इतका कडक परीक्षक मला पुढं नियतकालिकानंही दिला नाही. तीन ठिकाणी त्यांनी मला थांबवून खोटं हाय म्हटलं, आणि तिन्ही ठिकाणी मी वहीतून उतरवताना चुकले होते.

मग लेखकांची नावं घालायची वेळ आली. पद्धत त्यांची, बियाणं त्यांचं, खुणा त्यांच्या, चुका काढणाऱ्याही त्याच. मी दोन नावं लिहिली. पहिलं माझं, दुसरं त्यांचं. पहिलं माझं का, तर पदोन्नतीच्या फायलीत पहिल्या नावाला मान असतो, आणि मी काही संत नाही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, समोर टाका नाई तं मांगं टाका, पण नाव माहेरचं टाका, बापाच्या नावासगट. मी म्हटलं, आधार कार्डावर तर सासरचं आहे. म्हणाल्या, बियानं काही सासरचं नाई. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, सांगितलं तसं लिहिलं.

सरांना मात्र विशेष वाटलं. त्यांनी पहिलं पान दोनदा वाचलं, मागं उलटून पाहिलं, आणखी नावं कुठं पुढच्या पानावर तर गेली नाहीत ना, असं. मग म्हणाले, शेतकरी लेखक कसा होईल? त्यांचे आभार ऋणनिर्देशात माना. भाजीवालीचं नाव बघून कोणी हा निबंध गंभीरपणे घेणार नाही. आणि मग इथं जी जागा रिकामी होते... एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि किल्लीचा जुडगा टेबलावरून उचलून पुन्हा टेबलावर ठेवला. मी कागद घेऊन बाहेर आले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

नियतकालिक चांगलं होतं, पुण्याकडच्या एका संस्थेचं, जिथं निबंध पाठवला की खरोखर कोणीतरी वाचतं. त्यांना दर लेखकाचा ईमेल लागतो. मावशींकडे साधा फोन, त्यावरसुद्धा त्या फक्त बोलतात. म्हणून मी तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्या चाचांचा ईमेल दिला. चाचा म्हणजे आमच्या गावातलं चालतंबोलतं टपाल. अर्ज लिहिणं, दाखले भरणं, करारनामे टाइप करणं, सगळं त्यांच्याकडे, आणि बाजार त्यांच्या दुकानाच्या पायरीपासूनच सुरू होतो. माझ्या मते ही फार हुशारीची सोय होती. फक्त एक गोष्ट मी विसरले. चाचांच्या संगणकावर आलेला कोणताही कागद चाचा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. न वाचता छापणं त्यांच्या धंद्यात बसत नाही.

परीक्षकांनी शंका काढल्या. त्यांतली एक अशी, की खुणेसाठी वापरलेलं कापड कोणतं आणि आलं कुठून, ते तक्त्याखाली नोंदवावं. ती नोंद मी मागाहून पाठवते म्हटलं. बाकीची उत्तरं दिली, आणि वैशाखाच्या तोंडावर निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं. मी स्टाफरूममध्ये चक्क नाचले. अकरा वर्षांनी कोणीतरी माझं लिहिलेलं वाचून हो म्हटलं होतं! आता राहिली होती एकच गोष्ट. कॉपीराइटचा फॉर्म. दर लेखकानं सही करून पंधरा दिवसांत पाठवायचा, नाहीतर निबंध मागे घेतला असं समजलं जाईल. माझा फॉर्म आला तो सरांच्या त्या कपाटावर टेकवून मी उभ्याउभ्या सही केली. वाचला नाही. असले फॉर्म कोण वाचतं?

मावशींचा फॉर्म चाचांकडे गेला.

बाजाराच्या दिवशी मी मावशींना घेऊन दुकानात गेले तेव्हा चाचांनी फॉर्म छापून ठेवलेला होता, आणि त्याच्या चार ओळींखाली लाल पेननं रेघा मारलेल्या होत्या. ते माझ्याशी बोललेच नाहीत. मावशींकडे वळून म्हणाले, "बाई, हे हक्कसोडपत्र हाय. मी दिवसाला दोन टाइप करतो, मले कळत नाई का? ऑल राइट्स, टायटल अँड इंटरेस्ट. म्हंजे सगळे हक्क, सगळी मालकी, कायमची, तिकडच्या पार्टीले. तुमच्याकडं काईच राह्यत नाई."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाप गेला की जमिनीवर पोरींचाही हिस्सा लागतो. मग भाऊ बहिणींना रजिस्ट्री ऑफिसात नेतात, बहिणी आपला हिस्सा सोडल्याचं लिहून देतात आणि भाऊ साडीचोळी करतात. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. आमच्या भागात क्वचितच एखादं घर असेल जिथल्या पेटीत तो नाही.

मावशींनी मला विचारलं, तुमी वाचलं का हे? आता त्यांना काय सांगू, की सही करून आठवडा झाला? मी त्यांच्या हातात पेन दिला.

"काही नाही हो मावशी, नुसती सही आहे."

त्यांनी पेन टेबलावर ठेवला. नीट, आडवा ठेवला. म्हणाल्या, "नुसती सई मी एकदा केली हाय. आता नाई करत." आणि टोपली उचलून बाजारात जाऊन बसल्या.

मग मी चाचांवर जी सुटले ते वर सांगितलंच. तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला? हा जमिनीचा कागद आहे का? माझी अकरा वर्षं तुम्ही पाण्यात घातलीत! चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, वाचून दाखवलं, इतकाच माझा कसूर. आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचा दाखला हातात घेतला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी तीनदा मळ्यावर गेले. मावशींना समजावलं, की हा हक्क बियाण्यावरचा नाही, मांडवावरचा नाही, फक्त लिहिलेल्या मजकुरावरचा आहे. उद्या तुम्ही बी कोणालाही द्या, कोणी विचारणार नाही. त्या म्हणाल्या, लिहिलं कोनं? मी म्हटलं, मी. मंग तुमचं तुमी देऊन टाका, माह्या सईचं काय काम? मी म्हटलं, तुम्हीपण लेखक आहात ना. त्या म्हणाल्या, लेखक हाव म्हनून सोडा म्हनतेत. लेखक नसती तं काही सोडाच लागलं नसतं. म्हंजे नाव देतेत ते काढून घ्याले देतेत का?

मी नऊ निबंधांची लेखिका. एवढ्या मोठ्या प्रश्नावर मी कधी विचारच केलेला नव्हता, कारण माझ्या नऊ निबंधांत सोडावं असं काही नव्हतंच.

पण दिवस चालले होते. तीन उरले. सर जाता-येता विचारायचे, झालं का? आणि मी नाही म्हटलं की अशी मान हलवायचे जणू घरात कोणी आजारी आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, मॅडम, ऋणनिर्देश. सोपा उपाय आहे. लेखकच नसतील तर त्यांची सही कोणी मागणार नाही.

आणि मी ते केलं. सुट्टीच्या दुपारी घरी बसून मावशींचं नाव पहिल्या पानावरून पुसलं. एक बटण दाबून धरायचं, बस्स, बापाच्या नावासकट गेलं. खाली ऋणनिर्देशात एक गोड वाक्य लिहिलं. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. पंख्याखाली बसून मी चहासुद्धा प्याले. फाइल पाठवायची तेवढी बाकी होती, आणि ती अडली परीक्षकांच्या त्या शंकेवर. कापड कुठून आलं. सहा दिवसांचं मला ठाऊक होतं, गावातल्या बायांच्या जुन्या साड्या आणि एक माझी. रविवारची केशरी तेवढी माहीत नव्हती.

म्हणून संध्याकाळी मळ्यावर गेले. नाव काढल्याचं सांगायला नाही. नुसतं केशरीचं विचारायला.

रविवारच होता. मावशी मांडवात होत्या, दातात केशरी चिंध्या धरून. मी वही उघडून विचारलं, मावशी, ही साडी कोणाची? त्यांनी दातातली चिंधी काढली, देठाला बांधली आणि हातातलं फूल न सोडता सांगायला लागल्या. त्यांचं माहेर पोहरादेवीकडं. बाप दोडक्यात नावाजलेला होता, तिकडच्या बाजारात त्याच्या टोपलीला वेगळं गिऱ्हाईक असायचं. तो गेला, आणि वर्षश्राद्ध उरकल्यावर भावांनी तिन्ही बहिणींना जीपमध्ये बसवून रजिस्ट्रीत नेलं. काई नाई अक्का, नुसती सई हाय, असं म्हणाले. तिघींनी सह्या केल्या. परत आल्यावर पुरणपोळीचं जेवण आणि तिघींना सारखी केशरी साडी.

"निंघतानी पायलं तं चुलीच्या वर बापानं बियाचा दोडका टांगेल होता," मावशी म्हणाल्या. "कोनाचं ध्यान नव्हतं. म्या तो त्या साडीत गुंडाळला अन् निंघाली. वावर त्यायचं झालं. बी माह्यं राह्यलं."

साडी त्यांनी एकदाही नेसली नाही. चिंध्या करायची कल्पना सुचली तेव्हा पहिली तीच फाडली. रविवार तिला का दिला, तर सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि त्याच दिवशी त्यांनी बी टाकलं होतं.

मी वही मिटली. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी तिथंच सांगून टाकलं, की मावशी, मी तुमचं नाव काढलं. दुपारी काढलं. सही लागू नये म्हणून.

मावशींनी हातातलं फूल टेकवलं, चिंधी बांधली, गाठ ओढून पाहिली. मला वाटलं आता हाकलून देतात. त्या म्हणाल्या, "मंग परत घाला."

एवढंच. जणू चुलीवरचं दूध उतू गेलं आणि त्या पुसून घे म्हणाल्या. मी घरी जाऊन आधी नाव परत घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नियतकालिकाच्या संपादकांना फोन लावला. मनात पक्कं केलं होतं, नाही छापला तर नाही, नऊ आहेतच की आपले. फोनवर एक म्हातारे, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. मी एका दमात सगळं सांगितलं, मावशी, जमीन, चाचा, टायटल अँड इंटरेस्ट. ते म्हणाले, बाई, इतकी वर्षं मी हे फॉर्म पाठवतो आहे. ते कोणीतरी वाचले, हे मला पहिल्यांदाच कळतं आहे. वाचलं कोणी म्हणालात? मी म्हटलं, झेरॉक्सवाल्या चाचांनी. ते म्हणाले, त्यांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे दुसराही नमुना आहे. हक्क लेखकांकडेच राहतो, आम्हाला फक्त छापायची परवानगी द्यायची.

मी विचारलं, मग तोच का नाही पाठवत?

"कोणी मागतच नाही," ते म्हणाले.

दुसरा नमुना तासाभरात चाचांच्या संगणकावर आला. बाजाराचा दिवस नव्हता, तरी मावशी आल्या. चाचांनी चष्मा पुसून तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, आधी इंग्रजीत, मग आमच्या बोलीत. रांगेतली माणसं या वेळी उघडपणेच ऐकत होती, एकानं तर मधे शंकासुद्धा विचारली. शेवटी चाचा म्हणाले, यात काही जात नाही, बाई, हे घर भाड्यानं दिल्यासारखं आहे, घर तुमचंच. आणि सवयीनं त्यांनी शाईचा डबा पुढं सरकवला, अंगठ्यासाठी. मावशींनी डबा परत सरकवला आणि पेन मागितला. माहेरचं नाव, बापाच्या नावासकट, सावकाश, एकेक अक्षर लिहीत. रजिस्ट्रीतल्या त्या सहीनंतर हे नाव त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. सही झाल्यावर कागदाकडे पाहत म्हणाल्या, वळन बिघडलं थोडं.

मग दुसरा कागद माझ्यासमोर आला, कारण माझी सहीही नव्यानं लागणार होती. मी पेन उघडला. चाचा, मावशी आणि अख्खी रांग माझ्याकडे पाहत होती. मी पेन बंद केला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. बरंच लांबलचक होतं. कोणी कुरकुर केली नाही.

निबंध छापून आला. एक प्रत मी मळ्यावर नेऊन दिली. मावशींनी आपल्या नावावरून बोट फिरवलं, मग तक्ता पाहिला, कोणता दिवस कोणत्या रंगाचा ते मला विचारून घेतलं, आणि गुरुवारपाशी थांबल्या.

"ती जांभळी कोनं देल्ली होती?"

"दादानं."

"सन होता का काई?"

मी मांडवाकडे पाहिलं. गुरुवारच्या चिंध्या हलत होत्या, रंग अजून पक्का होता. मालेगावच्या रजिस्ट्री ऑफिसातला तो हॉल आठवला, दादा शेजारी उभा, मोबाइलवर कॉलेजातून फोन येत होता म्हणून मी घाईत. काही नाही गं, नुसती सही आहे, दादा म्हणाला. आणि मीही न वाचता केली होती. मी शिकलेली, पगार घेणारी, मला काय त्या वावराचं, असं स्वतःला समजावत. साडी घरी आणून कपाटात ठेवली आणि कपाट उघडलं की ती डोळ्यांत खुपायची. रंग वाईट नव्हता.

"सही होती," मी म्हटलं.

मावशींनी मान डोलवली. म्हनून कोरी होती, असं काहीसं पुटपुटल्या. मग विचारलं, तठून निंघतानी तुमी काय आनलं? मी म्हटलं, काही नाही. साडीच. तीसुद्धा तुम्हाला दिली.

त्या उठल्या. खोपीच्या आढ्याला टांगलेला एक वाळका, खुळखुळणारा दोडका काढून त्यांनी माझ्या पिशवीत टाकला. म्हणाल्या, "न्या. सई नाई लागत."

सरांनी छापील निबंध वाचला. त्यांना सगळं ठीक वाटलं, फक्त तक्त्याखालची एक बारीक टीप अनावश्यक वाटली. इतकी घरगुती माहिती शोधनिबंधात कशाला, असं ते म्हणाले. मी म्हटलं, परीक्षकांनी विचारलं होतं. ती टीप मीच लिहिली आहे, आणि माझ्या दहा निबंधांतलं तेवढंच एक वाक्य मला पाठ आहे. गुरुवार व रविवार या दोन दिवसांच्या खुणांचं कापड दोन्ही लेखिकांनी स्वतःजवळचं दिलं.